कासवीचं मराठी

समीक्षकानं भिडेला बळी पडू नये. कलाकृती आणि सत्य यांच्यामध्ये त्यानं आपल्या आईबापांनाही उभं राहू देऊ नये. हे वाक्य माझं आहे. सात वर्षांपूर्वी एका परिसंवादात मी ते म्हटलं, नंतर दोन लेखांत वापरलं, आणि दरवेळी वाचताना मला माझ्याविषयी थोडा आदर वाटत आला. गाणाऱ्या जनावरांच्या ज्या कार्टूनपटामुळे हे सगळं झालं, तो मात्र मी पूर्ण पाहिला नव्हता. शेवटची अकरा मिनिटं राहिली. पाणी आलं होतं, बायकोनं, रंजनानं, आतून मोटर लावायला सांगितलं, मी मोटर लावली आणि परत आल्यावर सिनेमा पुढे बघण्याऐवजी परीक्षण लिहायला बसलो. खार शेवटी गाणारच, हे कुणालाही कळलं असतं. शेवटी पडद्यावरून सरकत जाणारी नावं त्या अकरा मिनिटांत होती.

परीक्षण शुक्रवारी आलं. शनिवारी सकाळी मी अय्यंकडै बाजारात कॉफीची पूड दळून घेत उभा होतो. यंत्राचा आवाज असा की शेजारच्या माणसाचे नुसते ओठ दिसावेत. फोन वाजला. कमलाक्षी आत्या. माझ्या वडिलांची धाकटी बहीण, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, मेडिकल कॉलेज रोडवर लिफ्ट असलेल्या फ्लॅटमध्ये एकटी राहणारी.

"मुरळी, ती कासवी मी रे," ती म्हणाली.

"कोण कासवी?"

"सिनेमांतली. 'गाणारें तळें'. तूं त्यावर पुण्याच्या पत्रांत लिहिला आहेस म्हणून हरिता सांगितली. तुझा फोटो पाहिली ना ती. मी मुद्दाम सांगितलें नव्हतें तुला. सर्प्राइज म्हणून!"

"आत्या, एथें यंत्र चाललें आहे—"

"सायंकाळीं ये. वाचून दाखीव. मला कोठें येतात तीं अक्षरें? वेंकटरावांनाही बोलावतें."

दुकानदारानं पुडी पुढे केली. गरम होती. माझे कानही गरम झाले होते, आणि काही क्षण मला खरोखर वाटलं की दोन्हींचं कारण एकच असावं, म्हणजे यंत्र. माणूस लाजला की आधी एखादं भौतिक कारण शोधतो.

त्या सिनेमाबद्दल बाकीच्यांनी जे लिहिलं ते सौम्य होतं. एका इंग्रजी पत्रानं तीन तारे दिले आणि बेडकांच्या वृंदगानाची तारीफ केली. एका तमिळ साप्ताहिकानं 'कुटुंबासह पाहावा' म्हणून एका ओळीत निकाल लावला. चेन्नईच्या स्टुडिओनं काढलेला, पाच भाषांत बोलणारा सिनेमा: आटत चाललेलं तळं, त्या तळ्याचं विसरलेलं पहिलं गाणं, ते शोधणारी खार, आणि ते ठाऊक असलेली एकटी म्हातारी कासवी. मी ज्या पुण्याच्या साप्ताहिकात लिहितो, तिथे मला सौम्य लिहायला ठेवलेलं नाही. तंजावरसारख्या ठिकाणी बसून माणूस पुणेकरापेक्षा खवचट मराठी लिहितो, याचं तिथे कौतुक आहे. संपादकानं मराठी आवृत्तीची लिंक धाडली. चोरी होऊ नये म्हणून पडद्यावर आडवं माझंच नाव उमटवलेलं होतं. त्यामुळे एक तास छत्तीस मिनिटं मी सगळ्या प्राण्यांवरून माझं फिकट नाव फिरताना पाहिलं, आणि कासवी बोलली तेव्हा ते नेमकं तिच्या पाठीवर होतं.

ती खारीला म्हणाली, "एथें बैस."

हे मला नीट सांगितलं पाहिजे, कारण इथून पुढे खोटं बोलणं फार सोपं आहे. मी खुर्चीत पाय वर घेऊन बसलो होतो. ते शब्द आले आणि मी पाय खाली घेतले. कुणी सांगितल्यासारखे. पाठ ताठ झाली. आणि कुठूनतरी ओल्या टॉवेलचा, मोहरीच्या फोडणीचा आणि टेलिफोन खात्याच्या जाड खाकी कागदाचा वास एकत्र आला. आई तिरुवैयारुला गाणं शिकवायला जायची तेव्हा मला आत्याकडे ठेवत. आत्या ड्यूटीवरून येई, कागदांची चळत बाजूला सारून जमिनीवर तळहात आपटी आणि म्हणे, एथें बैस. मी बसत असे. हे सगळं तीन सेकंदांत झालं असेल. चौथ्या सेकंदाला मी सिनेमा थांबवला आणि वहीत लिहिलं: 'एथें!! हाहा.' दोन उद्गारचिन्हं. वही अजून आहे.

परीक्षणात ते असं उतरलं: 'कासवी तोंड उघडते आणि एखादा शिलालेख बोलू लागल्यासारखं वाटतं. मराठीत "एथें" म्हणणारा माणूस शेवटचा केव्हा दिसला, हे पुरातत्त्व खात्यालाच ठाऊक. ही बोली पृथ्वीवर कुणीही बोलत नाही. ती स्टुडिओतल्या एअरकंडिशनरात जन्मली असावी.' दीड तारा. शनिवारी दुपारपर्यंत मुंबईच्या एका दैनिकानं 'कृत्रिम बोली' असा शब्द वापरला, आणि आणखी एकानं कासवीला थेट 'शिलालेख' म्हटलं, माझा उल्लेख न करता. एरवी मी या चोरीवर एक सबंध सदर लिहिलं असतं.

या वेळी लिहिलं नाही, कारण शिलालेख हा विनोद माझा नव्हता. तो मला मिळालेला होता. एम.ए.साठी पुण्याला गेलो तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो आणि मराठी ही एक गोष्ट आपल्याला निश्चित येते, अशा समजुतीत होतो. पहिल्याच आठवड्यात मेसमध्ये एक मुलगा ताट घेऊन जागा शोधत होता. मी शेजारची खुर्ची ओढून म्हणालो, "एथें बैस." टेबल आधी माझ्याकडे वळलं. मग हसलं. हसणं वाईट नव्हतं. वाईट हसणं सोसता येतं. ते आनंदानं हसले, एखाद्या बाळानं अवघड शब्द बरोबर उच्चारल्यावर हसतात तसे. कुणीतरी विचारलं, तुमच्या त्या मोठ्या देवळात मराठी शिलालेख आहे म्हणतात, तो तूच का? दोन वर्षं मी शिलालेख होतो. मुरळी हे घरचं नाव तर मी कुणाला सांगितलंच नाही; तिकडे मुरळी म्हणजे देवाला सोडलेली बाई, हे कळल्यावर मी दारं-खिडक्या लावून घेतल्या. खोलीत आरशासमोर उभं राहून मी 'इथे' म्हणायला शिकलो. इथे, तिथे, कुठे. बस. ये ना. काय यार. परत आलो तेव्हा माझं मराठी इतकं स्वच्छ झालं होतं की बाबांनी एकदा जेवताना विचारलं, तुला सर्दी झाली आहे काय?

आणि एकतीस वर्षांनी, कुणी मागितलेलं नसताना, मी ते नाव आत्याला दिलं.

मी स्वतःशी वाद घातला. मला ठाऊक नव्हतं की ती आत्या आहे. हे खरं. आवाजावर काहीतरी कारागिरी केलेली होती, पाण्याखालून आल्यासारखा तो येत होता. हेही खरं. पण मी ती व्यक्ती ओळखली नव्हती, एवढंच या दोन सत्यांनी सिद्ध होत होतं. भाषा मी ओळखली होती. पृथ्वीवर कुणीही बोलत नाही असं लिहिताना, ती बोलणारी निदान वीस माणसं माझ्या फोनमध्ये होती, आणि त्यांतली एक स्वयंपाकघरातून मोटर बंद करा म्हणून ओरडत होती.

सायंकाळी निघताना रंजना म्हणाली, "आत्यांकडे? मग चांगला शर्ट घाला. त्यांनीं मोठें काम केलें आहे."

"तुला ठाऊक होतें?"

"सगळ्यांना ठाऊक होतें. तुम्हांला सांगायचें नाहीं म्हणून ठरलें होतें. तुम्ही निष्पक्ष राहावें म्हणून."

लिफ्टमध्ये मी आरशात बघितलं नाही. आत्याचं दार उघडंच होतं. दिवाणखान्यात भिंतीला टेकून एक सूटकेस उभी होती, कापडानं पुसलेली, चाकं असलेली, नवीन. आत्यानं इरकलीसारखी दिसणारी जांभळी साडी नेसली होती. खालच्या मजल्यावरचे वेंकटराव, निवृत्त तहसीलदार, आधीच येऊन पंख्याखालची जागा धरून बसले होते.

"ये रे. एथें बैस," आत्या म्हणाली.

मी बसलो.

"स्टार किती दिलास, तें आधीं सांग," वेंकटराव म्हणाले.

"वाचूं द्या हो त्याला क्रमानें."

"क्रमानें म्हटलें तरी आंकडा आधीं आलेला बरा. माणूस स्वस्थ ऐकतो."

"साडेतीन," मी म्हणालो.

"चारांत?"

"पांचांत."

"मग फर्स्ट क्लास," वेंकटराव म्हणाले आणि स्वस्थ झाले.

आत्यानं सूटकेसकडे हात केला. हरिता म्हणजे तिची नात, लेकीची मुलगी, त्या स्टुडिओत साउंडचं काम करते. मराठी कळतं तिला, बोलताना मात्र दुसऱ्या वाक्याला तमिळमध्ये उतरते. तिनंच आजीला दोन दिवस चेन्नईला नेऊन काचेच्या खोलीत बोलायला बसवलं होतं. आता दिग्दर्शकानं विचारलं होतं, दुसऱ्या भागात कासवीला मोठं काम आहे, गाणी आहेत, पाट्टी दहा दिवस येतील का?

"तिकडे मला सगळे आमै पाट्टी म्हणतात. कासव-आजी," ती म्हणाली. "मी म्हटलें, थांबा. आमचा मुरळी काय लिहितो तें पाहूं. त्याला खरें मराठी येतें. तो बरें म्हणाला तर येतें, नाहीं तर नाहीं. उगीच म्हातारीनें जगासमोर तोंड कां वेंगाडावें? लेंक माझ्याशीं तमिळ बोलते. जांवई इंग्रजी. दिवसांत एकदां वेंकटराव येतात पेपर न्यायला, तेवढें मराठी. त्या काचेच्या खोलींत दोन दिवस मी इतकें बोललें, मुरळी, कीं घसा बसला."

मी फोन काढला. लेख उघडला. वर माझा फोटो होता, त्यात मी हनुवटीखाली बोटं ठेवून सत्याचा विचार करतो आहे. आणि मी वाचू लागलो, म्हणजे अक्षरांवरून नजर फिरवू लागलो आणि तोंडानं दुसरंच बोलू लागलो. हे किती सहज जमलं याचीच लाज आता अधिक वाटते. त्या खोलीत देवनागरी वाचता येणारा मी एकटा होतो. त्या खोलीत कशाला, त्या रस्त्यावर. आमच्या लोकांनी मराठी तीनशे वर्षं तोंडात जपली आणि अक्षरं कुठेतरी खाली ठेवून दिली. तेव्हा मी जे वाचेन तेच लिहिलेलं. इतकी सत्ता कुठल्या समीक्षकाला मिळाली असेल असं वाटत नाही. मी बेडकांची स्तुती केली. मगरीवर एक माफक विनोद केला, वेंकटराव हसले. मग कासवीवर आलो. "कासवीचा आवाज जुन्या पितळी घंटेसारखा गोड आहे. तिचें मराठी ऐकतांना वाटतें कीं भाषेचें मूळ अजून ओलें आहे." माझं मलाच बरं वाटलं. क्षणभर मी असंच काहीतरी लिहिलं असेल अशी शक्यताही मनात येऊन गेली.

आत्या डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर तिनं डोळे उघडले नाहीत.

"तें कासवीचें पुन्हा वाच."

मी फोनकडे पाहिलं. 'कासवी तोंड उघडते आणि एखादा शिलालेख'. मी म्हणालो, "कासवीचा आवाज पितळेच्या जुन्या भांड्यासारखा घुमतो. तिच्या बोलण्यांत भाषेचीं मुळें जिवंत—"

"आधीं घंटा होती," आत्या म्हणाली. "आतां भांडें झालें."

"पितळ तेंच आहे कीं," वेंकटराव म्हणाले.

आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं होती. त्यातली पुष्कळ वर्षं फोनोग्रामवर, म्हणजे लोक फोनवरून तार सांगत आणि ती लिहून घेऊन, शब्द न् शब्द, त्यांना परत वाचून दाखवी. मजकूर बहुधा इंग्रजी, मरणाचा किंवा नोकरीचा. अर्थ कळो न कळो, शब्द हलता कामा नये. लहानपणी मला तिनं ते खेळासारखं शिकवलं होतं: मी काहीतरी लांबलचक सांगायचं, तिनं ते जसंच्या तसं परत करायचं. तिनं कधी एक अक्षर सांडलं नव्हतं. हे मला ठाऊक होतं. पण माझ्या मनात वाचता न येणारी माणसं ती ऐकू न येणारीही असणार, असं केव्हातरी ठरून गेलं होतं.

"लिहिलेलें दोनदां वाचलें तर दोनदां तेंच येतें, मुरळी," ती म्हणाली. आवाज अगदी साधा. "आहे तें वाच."

मी म्हणू शकलो असतो की डोळे दुखताहेत. म्हणू शकलो असतो की आत्या, हा विनोदी लेख आहे, याचा अर्थ उलटा घ्यायचा असतो. हे मी पुष्कळांना पुष्कळदा सांगितलेलं आहे. मी वाचलं. आधी पुटपुटत, मग, सवयीनं, जिथे लोक हसतात तिथे किंचित थांबत. पुरातत्त्व खात्याशी थांबलो. कुणी हसलं नाही. एअरकंडिशनरपर्यंत पोहोचलो तेव्हा माझा आवाज मला कुणीतरी लावलेल्या रेडिओसारखा येत होता, स्वच्छ, शुद्ध, कुठल्याही गावचा नसलेला.

"आणि स्टार?" वेंकटरावांनी हळूच विचारलं.

"दीड."

ते उठले. पेपर घ्यायला आले होते तो टेबलावरच राहिला. जाताना त्यांनी चपला दाराबाहेर नेऊन घातल्या.

"शिलालेख म्हणजे मोठ्या देवळांत आहे तो?" आत्यानं विचारलं.

"होय."

"आणि असें बोलणारें पृथ्वीवर कोणी नाहीं म्हणून?"

"तसें लिहिलें आहे, पण तें—"

"मग आतां तूं काय बोलतो आहेस रे?"

मला मेसची गोष्ट सांगायची होती. ती जिभेवर आलीसुद्धा: ती ताटं, ते हसणं, आरसा. पण ती गोष्ट मी मनात इतकी घोटून ठेवली होती की तिच्यात मी फार चांगला दिसत होतो. एकवीस वर्षांच्या पोराला पुढे करून त्याच्यामागे बावन्न वर्षांच्या माणसानं लपावं, हे मला त्या खोलीत जमेना. बाहेर लिफ्टचं दार नीट लागलं नव्हतं, आणि एक बाई तमिळमध्ये दार लावा, दार लावा म्हणून रेकॉर्ड केलेल्या आवाजात सांगत होती.

आत्या उठली. स्वयंपाकघराच्या दाराशी वळून तिनं मला विचारलं, "कापी साप्पिडरिया?"

कॉफी घेतोस का, एवढंच. पण तमिळमध्ये. माझ्या जन्मापासून आत्या माझ्याशी तमिळ बोललेली नाही. दूधवाल्याशी, डॉक्टरशी, शेजारणीशी, नातीशी; माझ्याशी नाही. तिच्या आवाजात राग नव्हता. नीट, आर्जवी, दारात आलेल्या माणसाला विचारावं तसं तिनं विचारलं होतं. मी म्हणालो, "घेतों कीं." ती तमिळमध्ये म्हणाली, साखर किती? अठ्ठेचाळीस वर्षं ती माझ्या कॉफीत साखर घालत आली आहे.

त्यानंतर मी चार वेळा गेलो. मी मराठीत बोललो, तिनं तमिळमध्ये उत्तरं दिली. तब्येत बरी आहे. ओरत्तनाडूहून नारळ आले आहेत, दोन घेऊन जा. वेंकटराव पेपर न्यायला आले तेव्हा त्यांच्याशी मात्र ती माझ्यासमोर मराठीत बोलली, पावसाबद्दल, आणि मी ते शेजारच्या घरातून येणारं गाणं ऐकावं तसं ऐकलं. तिसऱ्या खेपेला सूटकेस दिसली नाही. माळ्यावर गेली होती. मी म्हणालो, आत्या, मी लिहिलेलें चूक आहे, मी तसें छापून देतों, तुम्ही चेन्नईला जा. ती म्हणाली, "वेण्डाम्." नको. मग साडीचा पदर सारखा करून, तमिळमध्येच, मी हरिताला कळवलं आहे, तुझ्या पेपरला त्रास देऊ नको.

खुलासा मी लिहिला. एकशे चाळीस शब्द, चार मसुदे. पहिल्यात मी उदार दिसत होतो, दुसऱ्यात प्रामाणिक, तिसऱ्यात दुःखी. चौथा पाठवला, त्यात मी काहीच दिसत नव्हतो, फक्त एवढंच होतं की ही बोली तंजावरात बोलली जाते, माझ्या घरी बोलली जाते, आणि हे मला लिहिताना ठाऊक होतं. संपादकाचा फोन आला. "राव, छापतो की, जागा मिळाली की छापतो. पण लोकांच्या आता लक्षात तरी आहे का? शिलालेख मस्त जमलं होतं हो."

महिन्याभरानं हरिताचा फोन आला. ती माझ्याशी तमिळच बोलते, तेव्हा त्यात वेगळं काही वाटलं नाही. मामा, म्हणाली, पाट्टीला वाईट वाटून घेऊ नको म्हणून सांग, मला आत्ताच मीटिंगमध्ये कळलं. मराठीत सिनेमाला पहिल्या पाच दिवसांत प्रेक्षक मिळाले नाहीत. दुसरा भाग हिंदी, तमिळ, तेलुगू आणि मल्याळममध्येच निघेल. हे ठरलं सिनेमा लागल्यावरच्या पहिल्याच बुधवारी. माझं परीक्षण त्यानंतर दोन दिवसांनी, शुक्रवारी आलं.